आरमार जळू नये म्हणून

आमच्या घरात इंग्रजांना हरवायचं ठरलं तेव्हा पहिला विरोध आईने केला. तिला इंग्रजांबद्दल काही म्हणायचं नव्हतं, तिला तिचे वाल परत हवे होते. बाबांनी फरशीवर खडूने विजयदुर्गाची खाडी काढली होती. खाडीत तांदळाचे दाणे म्हणजे आपलं आरमार, बाहेर समुद्रात मसूर म्हणजे इंग्रज, आणि जमिनीच्या बाजूने वेढा घालून बसलेले पेशवे म्हणजे वाल. "भिजत घालूचे हत ते," आई म्हणाली. "तुमचा राज्य जाऊंदे खड्ड्यात."

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. कशाच्या जोरावर, ते कृपा करून विचारू नका. एका दिवाळी अंकाने कथास्पर्धा जाहीर केली होती. इतिहासातली एकच गोष्ट बदलायची, आणि मग पुढे कुणाचं राज्य झालं असतं ते लिहायचं. अट एवढीच की जे बदलाल ते त्या काळच्या माणसांना खरोखर करता येण्याजोगं हवं. मी ते कात्रण बाबांना वाचून दाखवलं आणि बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. पेपर वाचत असताना बाबा कुणाचं ऐकत नसत, त्यामुळे मी काय ते समजले.

आम्ही मूळचे विजयदुर्गाकडचे. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगेल. समुद्रावर सत्ता आपल्या सरखेलांची, म्हणजे आरमारप्रमुखांची. त्यांना विचारल्याशिवाय गोऱ्यांचं गलबत पुढे सरकत नसे. पण सरखेलांचं आणि पुण्याचं पटेना. शेवटी पुण्याने काय करावं? इंग्रजांना हाताशी धरलं. ते समुद्राकडून आले, हे जमिनीकडून, आणि एका दुपारी सबंध आरमार खाडीत जळून गेलं. आपलंच आरमार, आपल्याच लोकांच्या संमतीने! त्यानंतर समुद्र इंग्रजांचा झाला आणि समुद्रामागून सगळंच. बाबा ही गोष्ट सांगताना अजूनही चिडायचे, आणि चिडले की शुद्ध मालवणीत शिरायचे.

तर इतिहास जिथून बदलेल ते वळण शोधायचं होतं. बोरीवली पूर्वेला, डोंगराच्या बाजूच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. संध्याकाळी घरी आले, चहा झाला, की फरशीवर खडू निघायचा. शाळा त्यांची सातवीपर्यंत, पण परळच्या गिरणीत असताना युनियनच्या वाचनालयातली इतिहासाची पुस्तकं त्यांनी एकूणएक संपवली होती. मला ते मास्तरापेक्षा कडक वाटायचे.

मी म्हटलं, "त्या दुपारी जोराचा पाऊस आला असं दाखवू. आग विझते, जहाजं वाचतात."

"शिमग्याच्या तोंडार पावस?" बाबा म्हणाले. "आणि पावस पडलो तर तो देवान पाडलो. माणसान काय केला?"

मग मी एक पत्र आणलं. पुण्याहून निघालेलं, वाटेत घाटात हरवलेलं, माझ्या गोष्टीत मात्र वेळेवर पोचलेलं. बाबांनी तेही उडवून लावलं. पत्रं बक्कळ पोचली होती म्हणे, ती वाचून मानायची कुणाची तयारी नव्हती. मला राग आला, कारण ते खरं होतं.

त्यांचं स्वतःचं वळण पहिल्या दिवसापासून तयार होतं. पुण्याच्या दरबारात एक फितूर असतो, इंग्रजांचा नजराणा खाऊन पेशव्यांचे कान भरणारा. तो सापडतो, त्याचा कडेलोट होतो, आणि सगळं सुरळीत. मी कुठलीही लढाई काढली तरी बाबा त्यात फितूर शोधायचे. सापडला की त्यांना कसं हायसं वाटायचं.

"आणि फितूर नसेलच तर?" मी एकदा विचारलं. "सगळे आपापल्या परीने बरोबर असतील तर?"

"मग आरमार जळला कसा?"

"भांडणाने."

 त्यांनी मसूर, तांदूळ आणि वाल वेगवेगळे गोळा केले आणि आईला नेऊन दिले. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

आता हे सगळं कळायला काकाबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे बाबांचा एकुलता एक धाकटा भाऊ. दोघे एकाच गिरणीत, एकाच खात्यात, आणि परळच्या एकाच खोलीत आम्ही सगळे. मला सायकल शिकवली ती काकाने, पहिली लिपस्टिक आणून दिली तीही काकाने, आणि आईचा मार खाल्ला तोही त्यानेच. मग गिरण्यांचा तो मोठा संप आला. महिन्यांमागून महिने गेले. काकीचे दिवस भरत आले होते, आणि एका सकाळी काका पोलिसांच्या बंदोबस्तात, बंद गाडीतून गिरणीत कामावर गेला. बाबा फाटकाशी संपवाल्यांत उभे होते. गाडीच्या जाळीतून दोघांनी एकमेकांना बघितलं. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी आपली वळकटी उचलून गॅलरीत टाकली, आणि महिन्याभरात आम्ही परळ सोडलं. काकाला शिवी म्हणून त्यांनी एकच शब्द वापरला, "फितूर", आणि मग तो विषयच घरात बंद झाला. पुढे काकाचीही गिरणी सुटली आणि तो घाटकोपरला टेकडीवर राहायला गेला.

पाच वर्षं झाली होती. गावी कुणी उरलं नव्हतं म्हणून घराण्याचा गणपती थोरल्याकडे, म्हणजे आमच्या खोलीत यायचा. काका एकदाही आला नाही. म्हणजे त्याला कुणी बोलावलंच नाही, आणि थोरल्याने बोलावल्याशिवाय त्याने यावं कसं?

त्या वर्षी आषाढात काकी आईला भेटायला आली. काकाची छाती पार गेली होती. कापसाची धूळ, डॉक्टर म्हणाले, आणि आता त्यावर काही करण्यासारखं फार नाही. चार पायऱ्या चढला की बसतो. "रोज माका इचारता," काकी म्हणाली, "दादाचो गणपती औंदा किती दिवसांचो?" आई पदराने डोळे पुसत होती. तेवढ्यात बाबा आले, काकीला बघितलं, पुन्हा चपला घातल्या आणि बाहेर गेले ते काकी जाईपर्यंत आलेच नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की रात्रीचं जेवण मी त्यांना वाढलं नाही.

तेव्हा सांगून टाकते. स्पर्धा जिंकायची होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की काका जायच्या आत या दोघांनी एकमेकांचं तोंड बघावं. बाबांना सरळ सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी रोज फरशीवर बसून दोन दरबारांचं भांडण मिटवायच्या वाटा शोधत होते, आणि बाबा मन लावून त्या बंद करत होते.

एक दिवस मी नाद सोडून वळणाच्या पुढचा भाग घेतला. समजा, आरमार वाचलं. मग काय काय होईल? इंग्रज मुंबईच्या बेटावर भाडेकरू म्हणून राहतील, बाबा म्हणाले, आणि दर मोसमात येऊन मुजरा करतील. फारच खूश होते ते. बंदरं आपली, जहाजं आपली, कापूस आपल्या मागावर. मी लिहून घेत होते. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "बाबा, मग परळला गिरण्या आल्याच नसत्या."

"नाय."

"मग तुम्ही मुंबईला आलाच नसता."

"कित्याक येतलंय?"

"संपही नाही मग."

ते खडू बोटांत फिरवत राहिले. "म्हणजे मी आणि तो, गावातच?" त्यांनी विचारलं. पाच वर्षांत काकाचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

"गावातच. होडी घेऊन."

"तेका होडीत उलटी होता," बाबा म्हणाले. "ल्हानपणापासून." आणि उठून नळावर हात धुवायला गेले. मी मात्र तिथेच बसून राहिले. मला रडू येत होतं आणि का ते नीट सांगता येत नव्हतं.

वळण मिळालं ते आईकडून, आणि तेही नारळ खवताना. आई तिच्या एका मामाची गंमत सांगत होती. आमच्याकडे कुठलंही कार्य असलं की घरातला वडीलधारा देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला मोठ्याने एकेक मागणं सांगतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे लहानपणापासून अंगात इतकं भिनलेलं असतं की मागणं काय होतं ते कुणी ऐकतही नाही. सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. तर हा मामा थोडी घेऊन आला होता, आणि त्याने गाऱ्हाण्यात घालून दिलं, "आणि म्हाराजा, माझ्या बायलेचा त्वांड वर्सभर बंद ठेव!" आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने मामीच म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? देवापुढे व्हय म्हटल्यान. म्हयनोभर बोलूक नाय."

मी खवणीवरून आईला ओढून उठवलं आणि तिचा मुका घेतला. "वेडी झालीस काय गो?" ती ओरडली. पण माझं वळण मला मिळालं होतं, झकास! वेढ्याच्या आधी पुण्याचा सरदार आणि सरखेल दोघे एकाच ग्रामदेवतेच्या जत्रेला येतात. एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. देवळाचा म्हातारा गावकर गाऱ्हाणं घालतो, आणि मधेच, कुणालाही न विचारता, सलोख्याचं मागणं घालून मोकळा होतो. दोघेही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणतात. झालं! देवापुढे गेलेला शब्द, आता मागे कसा घेणार? इंग्रज समुद्रात वाट बघत राहतात आणि जमिनीकडून कुणी येतच नाही.

मी दोन दिवसांत गोष्ट लिहून काढली आणि बाबांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "पोरांची गोष्ट झाली ही. राज्यां अशी वाचणत नाय."

"का नाही? शब्द दिला ना त्यांनी?"

"दिलो खय? जीभ घसारली. घसारलेल्या शब्दाक कोण बांधलो जाता?"

"देवापुढे घसरली तरी?"

"देवाक कळता कोण मनातसून बोलता तो."

मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. "तुम्ही गाऱ्हाण्यात काकाचं नाव का नाही घेत?" मी म्हटलं. "गावातल्या म्हशीसुद्धा सुखी ठेवायला सांगता देवाला!"

आई भिंतीशी टेकून उभी राहिली. बाबांचा चेहरा उतरला. "त्यान आपली वाट धरल्यान," ते म्हणाले.

"काकी पोटुशी होती, बाबा."

"माका ठावक नाय?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी लहान केला. "तुका काय वाटता, माका ठावक नाय ता?" आणि ते बाहेर जाऊन गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी गोष्टीचे कागद दप्तरात कोंबले. वाटलं, संपलं. वळण फुकट गेलं आणि काकाही गेला.

पंधरा दिवसांनी गणपती आले. पहिल्या दिवशी आरतीला चाळीतली आठ-दहा माणसं होती, बहुतेक आमच्याच भागातली. आरती झाली, कापूर फिरला, आणि बाबा टोपी सारखी करून, हात जोडून गाऱ्हाण्याला उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी घोगरा, पण गाऱ्हाण्याला कसा खणखणीत लागायचा!

"बा देवा गणराया म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हय जमलेल्या पोराबाळांका, म्हाताऱ्याकोताऱ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खाल्लेल्या अन्नाक आणि केलेल्या कष्टाक यश दी. घरच्या माणसांका..." आणि बाबा श्वास घ्यायला थांबले.

मी हे ठरवून केलं असं घरात अजून सगळे समजतात. देवाशपथ सांगते, ठरवलेलं नव्हतं. बायकामुली गाऱ्हाणं घालत नाहीत, मला माहीत होतं. पण ती फट दिसली आणि माझा आवाज मलाच ऐकू आला, बाबांच्याच सुरात:

"आणि म्हाराजा, ह्या घरातलो एक माणूस तिकडे घाटकोपराक बसलो हा, तेच्या छातयेचो दमो कमी कर, आणि तेका ह्याच पाटार तुझ्यापुढे आणून बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. आई म्हणाली, शेजारचे भजनी बुवा म्हणाले, दारातला पोस्टमन भावोजी म्हणाला. आणि मी बाबांकडेच बघत होते म्हणून सांगते, बाबाही म्हणाले. हात जोडलेले, डोळे मिटलेले. काय म्हटलं गेलं ते आता कुठे सगळ्यांच्या डोक्यात शिरत होतं. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस काळानिळा डाग होता. माझी तर वाट लागली, मी मनात म्हटलं. बाबांनी डोळे उघडले, उरलेलं गाऱ्हाणं पूर्ण केलं, आणि नारळ इतक्या जोरात फोडला की अर्धं पाणी भिंतीवर गेलं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईला म्हणाले, "मोदक बांध." मग माझ्याकडे न बघता, "चल."

"कुठे?"

"खय म्हणजे? देवाक व्हय म्हटला गेला तोंडातसून, आता काय इलाज हा? माझी इच्छा म्हणान जातंय असा समजा नको."

अंधेरीला उतरून आम्ही घाटकोपरची बस घेतली. मांडीवर मोदकांचा डबा धरून बाबा सबंध रस्ता खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "तेका सारण कमी गोड लागता. तुझ्या आवशीन ध्यानात ठेवलानी काय कोण जाणा." मी म्हटलं ठेवलं असेल. मला त्यांच्या दंडाला धरून बसावंसं वाटत होतं, पण आमच्या घरात असं काही करत नसत.

टेकडीवर शेवटच्या ओळीत खोली होती. काका दारातच स्टुलावर बसला होता. मी त्याला ओळखलंच नाही आधी. गळ्याची हाडं वर आलेली, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. त्याने बाबांना बघितलं आणि उठायला गेला, पण श्वास पुरला नाही म्हणून पुन्हा बसला. बाबा उंबऱ्याबाहेर उभेच. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

काका म्हणाला, "दादा, चपला भायर काढू नको. कुत्रो नेता."

बाबा चपला हातात घेऊन आत गेले.

एवढंच. माफी नाही, रडारड नाही, संपाचं नाव नाही. मूर्ती केवढी आणलीस? वीतभर. सोंड? डावी. मखर कोणी केलं? हिने. काकाने मोदक खाल्ला, अर्धा, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती काही थांबेना. पाच वर्षांच्या पोरीला मांडीवरून उतरवून काकी धावली, पण बाबांनी तिला हाताने बाजूला केलं आणि स्वतः त्याच्या पाठीवर वरून खाली, वरून खाली हात फिरवत बसले.

"कापूस हा रे अजून आत," बाबा म्हणाले.

"तुझ्यात पण असतलो."

"हा तर. सकाळी उठलंय काय वाजता."

आणि दोघे हसले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मला लाज नाही वाटत सांगायला, इतकं सुख मला पुढे माझ्या लग्नातही झालं नाही.

विसर्जनाला काका रिक्षाने आमच्याकडे आला आणि पाटावर बसला. त्यानंतर तो येत राहिला. बोरीवलीला डोंगराची हवा, त्याला बरं वाटायचं. नवरात्र झाल्यावर तर महिनाभर राहिलाच. तो त्यानंतर दीड वर्ष जगला. त्यातले निम्मे दिवस तरी आमच्या खाटेवर, आणि बाबांशी पत्त्यांत लबाडी करण्यात गेले.

गोष्ट मी विसर्जनानंतर पोस्टात टाकली. टाकण्याआधी बाबांनी ती मागून घेतली आणि गाऱ्हाण्याचा भाग दुरुस्त करून दिला. माझ्या गावकराला म्हणे मागण्यांचा क्रमच ठाऊक नव्हता, आधी गाव, मग घर, मग माणूस. ते शब्द सांगत होते, मी लिहीत होते, आणि काका खाटेवरून मधेमधे चुका काढत होता. इंग्रजांचं नक्की काय झालं यावर दोघांचं जमेना. बाबांना त्यांचा मुजरा हवा होता आणि काकाला वाटत होतं, बिचाऱ्यांना घरी जाऊ द्यावं.

दिवाळीच्या आधी संपादकांचं कार्ड आलं. दुपार होती, जेवणं झाली होती, काका आत झोपला होता. बाबांना सुट्टी होती म्हणून कार्ड त्यांच्याच हातात पडलं. गॅलरीत उभं राहून त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मला दिलं. भाषा चांगली आहे, वातावरण साधलं आहे, परंतु मुख्य वळण पटत नाही. दोन सत्तांचं इतकं जुनं वैर सवयीने निघून गेलेल्या एका होकाराने मिटेल, हे कुणाच्या गळी उतरणार नाही. सबब कथा साभार परत.

मला वाईट वाटलं, पण फार नाही. खरं तर हसू येत होतं. बाबा मात्र लालबुंद झाले होते.

"सवयीन म्हणजे?" ते म्हणाले. "सवयीन कोण बोललो?"

"तुम्हीच की, बाबा. तोंडातून निघून गेलं, आता इलाज नाही, असं तुम्हीच म्हणालात."

त्यांनी दारातून आत बघितलं. काकाचा श्वास घरघरत होता, पण झोप लागलेली होती. बाबांनी आवाज अगदी खाली आणला.

"माका आयकाक इल्ला गो. तू बोललंस ता शब्द न् शब्द आयकलंय, मगेच व्हय म्हटलंय. पाच वर्सां वाट बघी होतंय, कोणीतरी ह्या बोलात म्हणान."

 मग मला त्यांचा पुन्हा राग आला, पार त्या आषाढातला. "मग मला सांगायचंत ना आधी!" मी म्हटलं. "मी पहिल्याच वर्षी बोलले असते!"

"तुका सांगला असता," बाबा म्हणाले, "तर ता मीच बोलल्यासारख्या झाला नसता?"